शब्दचर्चा : 'ऱ्हॅप्सडी', 'स्कारामूश' आणि गाण्यातलं 'आई गं'

प्रश्न

क्वीन या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) मी कॉलेजपासून ऐकतेय. आता मुलगी दहावीत आहे आणि तिलाही ते तोंडपाठ झालंय. परवा तिने विचारलं, "आई, स्कारामूश म्हणजे कोण? आणि नावात ऱ्हॅप्सडी का?" मला सांगता येईना. शोधल्यावर गाण्याच्या गूढार्थाबद्दल पानंच्या पानं मिळाली, साधा शब्दार्थ कुठे मिळाला नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, आधी नावाचं बघू. ऱ्हॅप्सडी हा शब्द ग्रीक आहे. त्यात दोन धातू आहेत, एक 'शिवणे' आणि दुसरा 'गाणे'. होमरची काव्यं गाऊन दाखवणाऱ्याला ग्रीक लोक 'ऱ्हॅप्सोडॉस' म्हणत, म्हणजे गाणी एकमेकांना शिवणारा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपली ओवी आठवली. तिचाही संबंध 'ओवणे'शी जोडतात. त्यांनी गाणं शिवलं, आपण ओवलं!

हे गाणंही खरोखरच शिवलेलं आहे. सुरुवातीला नुसते आवाज, मग पियानोवरचं संथ गाणं, गिटार, मग ऑपेराचा तुकडा, त्यानंतर दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. जवळजवळ ६ मिनिटांत कोरस म्हणून परत येणारी ओळ नाही. तेव्हा नाव शोभेसाठी ठेवलेलं नाही, ते गाण्याची घडण सांगतं. 'बोहेमियन' म्हणजे मुळात बोहेमिया प्रांतातला. फ्रेंचांनी तो शब्द आधी भटक्या रोमा लोकांना लावला आणि पुढे चाकोरी सोडून जगणाऱ्या कलावंतांना.

स्कारामूश हे इटलीच्या जुन्या लोकनाट्यातलं ठरावीक पात्र. काळे कपडे, तोंडाने मोठ्या बढाया आणि प्रसंग आला की पळ. इटालियनमध्ये त्याच्या नावाचा अर्थ 'चकमक'. गाण्यात त्याच्याच ओळीत येणारा फँडँगो हा स्पेनमधला जोडीने करायचा नाच, गिटारच्या आणि हातातल्या चिपळ्यांसारख्या कॅस्टानेट्सच्या तालावर. म्हणजे त्या ओळीत या बढाईखोराला "नाचतोस का?" असं विचारलंय.

प्रतिसाद

आमच्याकडे सिंधुदुर्गात दशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो आणि लोकांना हसवतो. वर्णन वाचून तोच डोळ्यांसमोर आला. मुलीला सांगायला सोपं जाईल.

प्रतिसाद

मतभेद नोंदवतो. या शब्दांना अर्थ चिकटवू नये. हे मोठ्यांचं 'इरिंग मिरिंग लवंगा तिरिंग' आहे. गाणं लिहिणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीने शेवटपर्यंत त्याचा अर्थ सांगायचं नाकारलं. तोंडात गोड घोळतात म्हणून शब्द घेतले, एवढंच.

प्रतिसाद (पहिलेच)

नादासाठी शब्द घेतले हे मलाही पटतं. 'सिल्हूएट्टो' बघा. 'सिल्हूएट' (काळी छायाकृती) हा फ्रेंच शब्द, तोही १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री असलेल्या एत्येन द सिल्हूएटच्या आडनावावरून आलेला. त्याला इटालियन शेपूट फ्रेडीने लावलं, कारण ऑपेराचा भास हवा होता. 'गॅलिलिओ'चंही तसंच. गिटारवादक ब्रायन मे खगोलभौतिकी शिकलेला (२००७ मध्ये त्याने पीएचडी पूर्ण केली), म्हणून चाहते ते नाव त्याच्याशी जोडतात. मला तिथे एक आवाज खालून आणि ड्रमवादक रॉजर टेलरचा आवाज अगदी वरून, असा नावाचा झेलाझेलीचा खेळच ऐकू येतो.

पण नाद आहे म्हणून अर्थ नाही, असं होत नाही. फिगारो हा मोत्झार्ट आणि रोसिनी या दोघांच्याही ऑपेरातला, रोसिनीकडे न्हावी तर मोत्झार्टकडे नोकर. 'मॅग्निफिको' ही व्हेनिसच्या बड्या असामींची उपाधी. स्कारामूश त्याच रंगमंचावरचा. वेचलेले शब्द बहुतेक एकाच घरातले आहेत.

आणि 'मामा मिया'. यासाठी मी भांडायला तयार आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'माझी आई', पण इटालियन माणूस तो आपल्या 'आई गं!'सारखा वापरतो. आता गाण्याची सुरुवात आठवा. मुलगा आईलाच सांगतो की मी एका माणसाला मारलं. रडू नकोस म्हणतो, जन्मलोच नसतो तर बरं, असंही म्हणतो. पुढे ऑपेरात त्याला घेरतात तेव्हा त्याच्या तोंडून तीच आई उद्गार होऊन येते. इंग्रजीत ती परक्या भाषेचा शब्द म्हणून झाकली जाते. मराठीत 'आई गं' म्हटलं की दोन्ही अर्थ एकदम हाताला लागतात. मला हा गाण्यातला सगळ्यात हळवा धागा वाटतो, आणि तो गूढार्थांच्या ढिगात कुणी उचलत नाही.

प्रश्नकर्ती

अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती जागा नुसती मजेने गायले. मग गाण्यात 'बिस्मिल्ला' कशाला? फ्रेडी तर पारशी होता ना?

प्रतिसाद (पहिलेच)

हो. मूळ नाव फारूख बुलसारा. हे आडनाव बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलंय, जसं आपलं 'कर' लावून होतं. शिकला पाचगणीला, पण जन्म १९४६ चा झांझिबारमधला, आणि तिथे बहुसंख्य मुसलमान. तेव्हा हा शब्द त्याच्या कानावर लहानपणापासून असणार, असं मला वाटतं. अर्थ 'अल्लाच्या नावाने'. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी एक सोडून सगळ्यांची सुरुवात त्याने होते. इथे मात्र तो शपथेसारखा येतो, 'देवाशप्पथ सोडणार नाही' या सुरात. थोड्याच वेळात समोरून बीलझेबब येतो. तो बायबलमधला सैतानांचा सरदार, हिब्रूत शब्दशः 'माश्यांचा स्वामी'. देवाचं नाव घेणारेही सोडत नाहीत आणि सैतानानेही एक जण राखून ठेवलाय, अशी त्या पोराची कोंडी आहे.

जाता जाता, फँडँगो त्याआधी १९६७ मध्ये प्रोकोल हॅरम या ब्रिटिश बँडच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' या गाण्यातही आला होता. तिथे 'ट्रिप द लाइट फँटॅस्टिक' या जुन्या वाक्प्रचाराची मोडतोड आहे. त्यातल्या 'ट्रिप'चा अर्थ हलक्या पावलांनी नाचणं. मूळ ओळ इंग्रजी कवी मिल्टनची.

प्रश्नकर्ती

मुलीने वहीत 'मामा मिया, लेट मी गो' या ओळीचं मराठी केलंय: "आई गं, सोडा मला!" मी म्हटलं, 'सोड' का नाही? आईला म्हणतोय ना? ती म्हणाली, "हाक आईला आहे, पण धरलंय बाकीच्यांनी."