मदत हवी आहे: जपानीत 'नि' घालायचं की 'दे'?

भेंडीगवार
नि आणि दे चा घोळ सुटत नाहीये. क्लासमध्ये सांगितलं, आरिमासु (आहे) आलं की नि. पाठ केलं. आता पुस्तकातल्या उत्तरात दे दिलंय. दोन्हींचा अर्थ 'मध्ये'च ना? परवा टेस्ट आहे, पटकन सांगा. आणि कृपया 'अ‍ॅनिमे बघा' नको.

सोमिगोमि
अ‍ॅनिमे बघा. :)

जुना_विद्यार्थी
आरिमासु, इमासु (माणसं-प्राण्यांसाठीचं 'आहे') असेल तर नि. दुसरं काही असेल तर दे. पुस्तकात छपाईची चूक असणार, अशा चुका खूप असतात.

मु_पो_नागोया
वाक्य काय आहे ते लिहा की! वाक्याशिवाय कसं सांगणार?

भेंडीगवार
वाक्य साधंच आहे हो. क्योतो __ मात्सुरि गा आरिमासु. (क्योतोमध्ये उत्सव आहे.) मी नि भरलं.

खमंग_काकू
देवनागरीत जपानी लिहू नका, मुलांनो. आणि लिहायचंच तर क्योओतो लिहा, 'ओ' लांब आहे. ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी. माझ्या वर्गात एकाने बाईंना आजी करून टाकलं होतं. आधी हिरागाना-काताकानाची ४६-४६ अक्षरं घोटा, मग व्याकरण.

भेंडीगवार
काकू, लिपी येते मला. फोनवर तो कीबोर्ड नाही. प्रश्न नि-दे चा आहे.

मु_पो_नागोया
छपाईची चूक अजिबात नाही, दे च बरोबर आहे. मात्सुरि ही वस्तू नाही, तो कार्यक्रम आहे. ही दोन वाक्यं बघा:

काइगिशित्सु नि त्सुकुए गा आरिमासु. (मीटिंगच्या खोलीत टेबल आहे.)
काइगिशित्सु दे काइगि गा आरिमासु. (मीटिंगच्या खोलीत मीटिंग आहे.)

मराठीत दोन्हीकडे 'आहे' म्हणून आपण फसतो. 'आहे'च्या जागी 'होणार आहे' किंवा 'भरते' घालून बघा. जत्रा भरते, मीटिंग होते, तिथे दे. टेबल भरत नाही, तिथे नि. परीक्षा, लग्न, मॅच, सगळ्यांना दे.

जुना_विद्यार्थी
म्हणजे अपवाद आहे. नवशिक्यांना अपवाद सांगून गोंधळवू नये. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ ला, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीला, नियम पाठ करून मी आरामात पास झालो.

मु_पो_नागोया
अपवाद कसला? तोश्योकान दे बेन्क्योओ शिमासु, वाचनालयात अभ्यास करतो. तिथे जो दे आहे तोच हा. काहीतरी घडतं ती जागा दे. आरिमासुकडे बघून ठरवू नका, गा च्या आधी काय आहे ते बघा.

शेवग्याची_शेंग
+१. अवांतर: गा वरून आठवलं. मला सुशी आवडते = वाताशि वा सुशि गा सुकि देसु. मला जपानी समजतं = निहोन्गो गा वाकारिमासु. मराठीत जसा 'सुशी' कर्ता, तसाच तिथे गा. इंग्रजीतून शिकणारे तिथे कर्माचा ओ घालतात, आपल्याला हे फुकटात मिळतं. मी तर म्हणते मराठी माणसाने इंग्रजी पुस्तकातून जपानी शिकूच नये.

जुना_विद्यार्थी
मग मराठीतून चांगलं पुस्तक कुठे मिळेल, तेही सांगा.

भेंडीगवार
धागा पळवू नका प्लीज. नागोयावाले, पटलं. पण पूर्ण वाक्यात नि पण आहे: शिचिगात्सु नि क्योओतो दे गिओन मात्सुरि गा आरिमासु. हा नि कुठून आला?

मु_पो_नागोया
हे आधी सांगायचं ना! तो वेळेचा नि. शिचिगात्सु म्हणजे जुलै. महिना, तारीख, किती वाजता, यांना नि लागतो: रोकुजि नि, सहा वाजता. अश्ता (उद्या), किनोओ (काल) यांना नाही. आपणही 'उद्यात' म्हणत नाही.

सोमिगोमि
गिओन मात्सुरि जुलैभर चालतो. मोठ्या रथांची मिरवणूक १७ ला, दुसरी २४ ला. जाणार असाल तर हॉटेल खूप आधी बुक करा. आणि उकाडा आपल्या मे महिन्याला लाजवेल असा, छत्री न्या.

भेंडीगवार
जाणार नाहीये मी!! शेवटचं: तोओक्योओ नि सुन्दे इमासु. (टोकियोत राहतो.) राहणं ही क्रिया आहे, तरी नि?

मु_पो_नागोया
सुमु म्हणजे मुक्काम असणं, म्हणून नि. नोकरी करणं मात्र दे: तोओक्योओ नि सुन्दे इमासु, योकोहामा दे हाताराइते इमासु. लोकल पकडून रोज जाणारे असं सांगतात. सुवारु (बसणं) लाही नि, इसु नि सुवारिमासु.

खमंग_काकू
टेस्टमध्ये उत्तरं हिरागानातच लिहायची असतील. 'वाताशि वा' मधला सुटा वा 'हा' या अक्षराने लिहायचा, विसरू नकोस.

भेंडीगवार
काकू, टेस्ट तोंडी आहे.

जुना_विद्यार्थी
तोंडी? जेएलपीटीला तोंडी परीक्षा नसते. कोणता क्लास आहे तुमचा?