शब्दचर्चा : ‘स्टिकी राइस’चा गोड नाश्ता – चिकट, आसट की गुरगुट्या?

कणीकोंडा
थाई-मलाय वळणाच्या एका झटपट गोड नाश्त्याची कृती मराठीत लिहायची आहे. उरलेला भात, नारळाचं दूध, आलं, गवती चहा, वरून आंबा आणि काळे तीळ. काम पंधरा मिनिटांचं, पण शब्दांवर अडलंय.
१) ‘स्टिकी राइस’ला काय म्हणावं? ‘ग्लुटिनस राइस’चं ‘ग्लुटेनयुक्त तांदूळ’ केलेलं वाचलं. ते पटत नाही.
२) तयार पदार्थ कसा म्हणायचा? खिरीपेक्षा घट्ट, भातापेक्षा सैल.
३) ‘सिमर’ला, म्हणजे उकळी न फुटू देता मंद शिजवण्याला, एक नेमकं क्रियापद हवं.
४) तिकडे गोड पदार्थांत वासासाठी पांदानचं पान घालतात. ते म्हणजे आपला केवडाच का?

आधण
‘ग्लुटेनयुक्त’ साफ चूक. या तांदळात ग्लुटेन नसतंच. तो ‘ग्लुटिनस’ म्हणजे डिंकासारखा. चिकटपणा येतो तो स्टार्चमुळे: स्टार्चच्या दोन प्रकारांपैकी यात अमायलोज जवळजवळ शून्य, बहुतेक सगळं अमायलोपेक्टिन. बासमतीत अमायलोज वीस-पंचवीस टक्के असतं, म्हणून त्याची शितं सुटी राहतात. कच्चा दाणा पाहिला तरी फरक कळतो. साधा तांदूळ काहीसा पारदर्शक दिसतो, हा खडूसारखा पांढराफटक.

‘चिकट तांदूळ’ म्हणा, पण पहिल्याच वाक्यात खुलासा करा. मराठीत ‘भात चिकट झाला’ ही तक्रार असते, कौतुक नव्हे.

लिंगवचन
‘चिकटा तांदूळ’ असंही कुठे कुठे दिसतं. नको. मावा ही कीड पडल्यावर ज्वारीच्या पानांवर जो चिकट थर येतो त्याला चिकटा म्हणतात. नाश्त्याच्या वाटीत तो आठवायला नको.

शीतभर
आसामात याच जातीच्या तांदळाला ‘बोरा चाउल’ म्हणतात आणि तो दही-गुळाबरोबर सकाळच्या जलपानात खातात. इंडोनेशियात ‘केतान’, मलायमध्ये ‘पुलुत’, फिलिपिन्समध्ये ‘मलाग्कित’, थाईत ‘खाओ नियाओ’. ज्या देशाचा पदार्थ असेल तिथलं नाव एकदा द्यावं आणि पुढे ‘चिकट तांदूळ’ चालू ठेवावं.

आधण
दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा, कारण शब्द चुकला की पाण्याचं माप चुकतं. मी असे वापरतो:

*मोकळा* : शीत शिताला चिकटत नाही.
*आसट* : पाणी थोडं जास्त, शितं अख्खी पण ओलसर, चमच्याने उचलता येतात.
*गुरगुट्या* : शितं फुटलेली, घोटल्यासारखा एकजीव.
*पेज* : पाणी आणि शितं वेगळी दिसतात, पिता येते.
*गिचका* : हा मुद्दाम कोणी करत नाही, तो होतो.

तुमचा पदार्थ ‘आसट’ आणि ‘गुरगुट्या’ यांच्या मधला. ‘आसट शिजवून पळीने थोडा घोटावा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो नेमका येतो. ‘लापशीसारखा’ लिहू नका, लोक गव्हाचा दलिया समजतील.

कणीकोंडा
मस्त. मग कृती अशी लिहितो, तपासा. दोघांसाठी, वाटी १५० मिलीची.

दीड वाटी शिळा भात हाताने मोकळा करून पातेल्यात घ्यावा. एक वाटी पाणी, आल्याच्या दोन पातळ चकत्या, ठेचलेला गवती चहा घालून झाकण ठेवून मंद आचेवर ६ मिनिटं. मग पाऊण वाटी नारळाचं दूध, २ टेबलचमचे गूळ, चिमूटभर मीठ. आणखी ४ मिनिटं. चकत्या आणि काडी काढून टाकावी. वरून आंब्याच्या फोडी आणि तीळ.

पळीवाढ
दोन-तीन सुधारणा.

‘शिळा भात’च्या जागी ‘फ्रिजमधला आदल्या रात्रीचा भात’ लिहा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. भात शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

‘गवती चहा’ एवढंच लिहिलंत तर मराठी वाचक हिरवी पात टाकणार, कारण आपण चहात तीच टाकतो. इथे हवा तो खालचा पांढरट, जाड भाग. ‘गवती चहाचा बोटभर बुडखा, बत्त्याने ठेचून’ असं लिहा. पातच असेल तर गाठ मारून टाकावी, म्हणजे एका ओढीत बाहेर निघते. बारीक चिरली तर कुसळं तोंडात येतात.

आणि गूळ सरळ पातेल्यात नको. भात पूर्ण मऊ होण्याआधी गोड पडलं की साखर पाणी धरून ठेवते, दाणा फुगायचा थांबतो आणि भातात कणी राहते. मग कितीही शिजवा, तो दडदडीतच. गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, शेवटच्या मिनिटाला घाला.

लिंगवचन
अवांतर : ‘कणी’चे दोन अर्थ होतात. तांदळाचा तुकडा ती कणी आणि शिताच्या पोटात कच्चा राहिलेला कण तीही कणी. कृतीत ‘कणी वापरा’ आणि ‘कणी राहू देऊ नका’ एकाच परिच्छेदात आलं तर नवखा माणूस गोंधळेल. कच्चेपणासाठी ‘बोटाने चेपून पाहा’ हे बरं.

शीतभर
‘सिमर’साठी ‘उकळणे’ नको. *खदखदणे* म्हणजे जोरात. *रटरटणे* हे दाट पदार्थाचं, मंद आचेवर. नारळाच्या दुधाला तेही जास्तच. ‘कडेने बारीक बुडबुडे येतील इतपत आच’ असं सरळ लिहा. एका शब्दाचा हट्ट कशाला?

कणीकोंडा
आच जास्त झाली तर नारळाचं दूध ‘फाटतं’ की ‘फुटतं’?

आधण
गाईचं दूध फाटतं किंवा नासतं: त्यातली प्रथिनं गोठतात, ते परत जुळत नाही. नारळाच्या दुधात प्रामुख्याने चरबी पाण्यापासून वेगळी होते, म्हणून ‘तेल सुटलं’ हे जास्त अचूक. थाई रश्श्यात दाट दूध मुद्दाम तेल सुटेपर्यंत परततात. इथे मात्र ते नको. सुटलंच तर आच बंद करून चमचाभर गरम पाणी घालून घोटावं, बरंचसं जुळून येतं. डब्यातल्या दुधावर घट्ट थर दिसला तर ते खराब नाही, डबा हलवून मग उघडावा.

साधं दूध वापरणाऱ्यांसाठी एक ओळ हवी: आलं आधी पाण्यात उकळून घ्या. कच्च्या आल्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटतं, उकळल्यावर त्याचा जोर जातो.

पळीवाढ
चौथा प्रश्न राहिला. पांदान आणि केवडा एकाच कुळातले, पण वनस्पती वेगळ्या. केवड्याचा वास त्याच्या कणसाचा, पांदानचा पानाचा. पांदानमध्ये जो सुगंधी घटक असतो तोच बासमतीतही असतो, म्हणून त्याचा वास ताज्या सुवासिक भातासारखा येतो. केवड्याचं पाणी घातलंत तर पदार्थ मिठाईकडे झुकेल. पांदान न मिळाल्यास वगळा. लिहिताना अनुस्वार मात्र जपा, ‘पानदान’ झालं की लोक विडा शोधतील.

लिंगवचन
तिळाला ‘खरपूस भाजा’ लिहिणार असाल तर थांबा. खरपूस रंगावरून ठरतं आणि काळ्या तिळाचा रंग बदललेला दिसत नाही. ‘खमंग’ लिहा.

शीतभर
+१. आणि त्यात पाच-सहा पांढरे तीळ टाकायला सांगा. ते बदामी झाले की काळे झालेच, लगेच ताटलीत काढायचे. तव्यावर राहिले तर कडू होतात.

कणीकोंडा
सगळं घेतलं. बासमतीचा उरलेला भात असेल तर? तो दाटच होत नाही.

आधण
होणार नाही, वर लिहिलेलं अमायलोजचंच कारण. पाणी अर्धी वाटी जास्त घ्या, ६ ऐवजी १० मिनिटं ठेवा आणि नारळाचं दूध घालण्याआधी एक तृतीयांश भात पळीने भांड्याच्या कडेला रगडा. सगळा रगडलात तर गिचका.