मदत हवी आहे: पोरगी लोह काढायची गोळी ओकून टाकते

आर्णीकर_बाप:
पोरीले थॅलेसेमिया मेजर आहे, अंगात रक्त नीट बनत नाही, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. आता फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याची तपासणी) ३४०० आलं. गोळी देऊन राहिलो होतो पण रोज सकाळी ओकते, मंग आठ दिवसांपासून बंदच केली. दुसरी कोणती गोळी मेडिकलमधून आणून सुरू करू का? लवकर सांगा, कापूस वेचणीत आहे, तालुक्याले जायची सवड नाही.

वर्ध्याची_आई:
भाऊ, कोणती गोळी? पोरीचं वजन किती? कशात देता? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

वरुडचा_संत्रेवाला:
गोळ्यांनी पोट खराबच होते. बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे द्या, आमच्या वहिनीचं एचबी ७ वरून ११ झालं.

लॅबवाला_चंद्रपूर:
दादा, वहिनीले लोह कमी होतं, या पोरीच्या अंगात जास्त झालं. रक्ताच्या एका पिशवीतून २००-२५० मिलिग्रॅम लोह जाते अन् शरीराजवळ ते बाहेर टाकायची सोयच नाही, लिव्हरात, हृदयात साचत जाते. असं काही सांगू नका. आर्णीकर भाऊ, तुमचं नवरा-बायकोचं एचबीए२ (थॅलेसेमियाचे वाहक आहात का ते सांगणारी रक्ततपासणी) झालं का? दोघंही मायनर, म्हणजे वाहक, असले तर दर गरोदरपणात बाळाले मेजर व्हायचा २५ टक्के धोका.

वरुडचा_संत्रेवाला:
घरचं खाणं सांगितलं, विष नाही सांगितलं.

आर्णीकर_बाप:
एचबीए२चं मंग पाहू. डेफेरासिरॉक्स आहे, विरघळायची, ५०० ची एक. वजन १८ किलो. दुधात देतो, चहा-पोळी झाल्यावर.

वर्ध्याची_आई:
दुधात नका देऊ, नीट विरघळत नाही. साधं पाणी नाहीतर संत्र्याचा रस, उपाशीपोटी, मंग अर्धा तास काही खायचं नाही. तळाशी गाळ राहते तो परत थोडं पाणी टाकून पाजा. माझ्या पोराले सकाळी मळमळायचं, डॉक्टरांना विचारून संध्याकाळी जेवणाआधी सुरू केली, तेव्हा जमलं. अन् मनानं दुसरी गोळी बिलकूल नको! डेफेरिप्रोन म्हणून लोह काढायची दुसरी गोळी आहे, तिनं पांढऱ्या पेशी एकदम उतरू शकतात, तिच्यावर वरचेवर सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) लागते, ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी तपासणी. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कधी केलं? उलटी गोळीनंतरच होते की दिवसभर? पुढच्या रक्ताची वाट नका पाहू, रक्त चढवता त्या सेंटरले आजच फोन लावा.

पुसदचा_भाचा:
अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं का काका? २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे. अन् सख्ख्या भावा-बहिणीचं एचएलए (दाता जुळतो का ते पाहायची रक्ततपासणी) जुळलं तर बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाची १० लाखांपर्यंत मदतीची योजना आहे.

आर्णीकर_बाप:
मोठा भाऊ आहे तिचा, एचएलए कोणी सांगितलंच नव्हतं. उलटी गोळीनंतरच होते. क्रिएटिनिन दिवाळीआधी केलं होतं. फोन लावला, सिस्टर म्हणे उद्याच घेऊन या. बायको जाईन वेचणीले, मी पोरीले नेतो. रस घरी काढलेला चालते का?

वर्ध्याची_आई:
चालते, ताजा काढा. पण सुरू कधी करायची ते उद्या डॉक्टर सांगतील तसंच, तोवर थांबा. किडनीचा रिपोर्ट काय आला ते टाका इथं.