मदत हवी आहे : थंडी पडली की आईचा हात बधिर होतो
नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. थंडी पडली की आईच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. करंगळी मात्र ठणठणीत. उठून हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी गार पाण्यात भांडी घासली की कणीक मळताना मूठच वळत नाही. उन्हाळ्यात तक्रार जवळजवळ नसतेच. डॉक्टर म्हणाले कार्पल टनेल, मनगटात नस दबते. रात्री मनगटाला पट्टा लावा. शेजारच्या काकूंचं एरंडेल चोळूनही झालं, वास तेवढा राहिला!

नसेची एनसीव्ही तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघतात ती) साताऱ्यात चांगली कुठे होते, की मिरजेला न्यावं? थंडीत पट्ट्याने कुणाला खरंच फरक पडलाय का? ऑपरेशनचं नाव काढलं की आई विषयच बदलते.