कलम ५० च्या पुढेही बघा

अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झालीय; एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम ५० पाळलं नाही, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती देण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही, एवढ्यावर अपिलात ती रद्द होईल का, असा प्रश्न आहे. आधी पंचनाम्यात माल कुठे सापडला ते बघा. हे कलम फक्त अंगझडतीला लागतं. पिशवीत किंवा डिकीत सापडला असेल तर मुद्दा टिकत नाही. घरावर छापा असेल तर कलम ४२: खबर लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांकडे गेली का?

खरी मेख बहुतेकदा मुद्देमालात असते. पंचनामा, मुद्देमाल नोंदवही आणि प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवून वजन, सील, तारखा ताडा. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले नसतील तर कलम ५२अ चा मुद्दा घ्याच, पण निव्वळ त्यावर विसंबू नका. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस आहे. निकालाची प्रमाणित प्रत आजच मागा.