मदत हवी आहे: डे-केअर सर्जरीत भूल चांगली दिली की नाही हे मोजायचं कसं?

सिस्टर_रेवा:
अर्जंट आहे. एनएबीएचवाले (हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र देणारे) येणारेत, भुलीच्या क्वालिटीचे आकडे दाखवायचेत. आमच्या रजिस्टरमध्ये वर्षभर 'त्रास: निल'. आणि परवाच एक बाई संध्याकाळी घरी गेल्या, रात्रभर उलट्या, सकाळी नवऱ्याचा फोन, तरी त्यांच्या नावापुढेही निलच, ते बघून फार वाईट वाटलं. काय मोजू? फॉरमॅट असेल तर टाका.

भूलवाला:
केसेस कसल्या? जनरल की स्पायनल? महिन्याला किती? घरी सोडायचं कोण ठरवतं? हे न सांगता फॉरमॅट कुठून देऊ?

सिस्टर_रेवा:
हर्निया, मूळव्याध, दुर्बिणीतून पित्ताशय. साठेक केसेस. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, पेशंट शुद्धीवर आला की पुढच्या केसला जातात. सोडतो आम्हीच.

भूलवाला:
मग आल्ड्रेट स्कोअर लिहा. हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध, ऑक्सिजन, 10 पैकी 9 आले की रिकव्हरीतून बाहेर.

कोल्हापूरची_मीरा:
डॉक्टर, तो रिकव्हरीतून हलवायचा स्कोअर झाला, घरी सोडायचा नाही, त्यासाठी पीएडीएसएस नावाचा स्कोअर वेगळा आहे. आणि त्या बाईंना दोन्हीत 9 मिळाले असते, उलट्या घरी झाल्या ना. दुसऱ्या दिवशी फोन केल्याशिवाय काही कळणार नाही. 'त्रास नाही ना?' असं विचारू नका, लोक नाहीच म्हणतात. 'उलटी किती वेळा झाली, दुखण्याची गोळी किती वाजता घेतली, पहिलं जेवण कधी गेलं' असं विचारा. शिवाय न ठरवता ॲडमिट करावे लागलेले आणि परत आलेले किती, तेही धरा.

प्रोपोफॉल_प्रेमी:
मोजत काय बसता, गॅस बंद करा, पूर्ण भूल प्रोपोफॉलवर (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) द्या, उलट्या कमी होतात. माझा अनुभव आहे.

भूलवाला:
कमी झाल्या हे मोजल्याशिवाय कळलं कसं? फोनसाठी क्यूओआर-15 वापरा, पेशंट भुलीनंतर किती सावरला त्याची प्रश्नावली, 15 प्रश्न, एकूण 150 मार्क.

कोल्हापूरची_मीरा:
हर्नियाच्या आजोबांना फोनवर 0 ते 10 मध्ये मार्क द्यायला लावून बघा एकदा.

भूलवाला:
दोन-अडीच मिनिटांचं काम आहे, मी करून घेतो.

ठाणेकर77:
मेडिक्लेमचं सांगतो, डे-केअर प्रोसिजरला 24 तास ॲडमिट राहायची अट नसते, पॉलिसीतली यादी बघा.

सुनीता_के:
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सकाळी चहा चालेल का?

भूलवाला:
दुधाचा नको. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा. धागा सिस्टर रेवांचा आहे.

कोल्हापूरची_मीरा:
रेवाताई, अजून एक. नुसते उलट्यांचे टक्के काढलेत तर बायकांच्या पित्ताशयाच्या केसेस जास्त असलेला महिना उगाच वाईट दिसेल. उलट्यांचा धोका आधीच सांगणाऱ्या ॲपफेल स्कोअरचे चार मुद्दे आधीच लिहून ठेवा: बाई आहे, सिगारेट ओढत नाही, आधी भुलीनंतर उलट्या झाल्यात किंवा एसटी लागते, नंतर मॉर्फिनसारखं औषध लागणार. चारही असले तर शंभरातल्या साधारण 80 जणांना त्रास होतो. आणि फोन न उचललेल्यांना 'त्रास नाही' मध्ये घालू नका, वेगळे लिहा.

सिस्टर_रेवा:
त्या बाईंचा केसपेपर काढला. एसटी लागते का हे कुणी विचारलेलंच नाही, आमच्या फॉर्मवर तो प्रश्नच नाही. आत्ता फोन केला, त्या म्हणाल्या घाटात नेहमी होतं. उद्यापासून फोन सुरू करते. त्यांच्यापुढचं निल खोडून काय लिहू?

भूलवाला:
खोडू नका. खाली आजची तारीख, वेळ, त्या काय म्हणाल्या ते आणि तुमची सही.