स्वयंसेवी ज्ञानकोशांत आडवाटेचे विषय समृद्ध आणि मूलभूत विषय दुबळे का राहतात?

प्रश्न: भूगोल_शिक्षिका

मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. प्रकल्पासाठी विद्यार्थी विकिपीडिया उघडतात तेव्हा एक विसंगती सतत समोर येते आणि तिचे समाधानकारक स्पष्टीकरण मला मिळालेले नाही. इंग्रजी विकिपीडियावर एकेका चक्रीवादळाचा, ते कोठे जन्मले, केव्हा तीव्र झाले आणि कोणत्या किनाऱ्यावर किती पाऊस पाडून विरले इथपर्यंतचा, सलग आणि प्रत्येक विधानाला संदर्भ असलेला लेख वाचायला मिळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातील युद्धनौकांचे लेख तर चिलखताच्या जाडीपासून नौका भंगारात निघाल्याच्या तारखेपर्यंत परिपूर्ण असतात. याउलट ‘शहर’, ‘व्यापार’, ‘स्थलांतर’ यांसारख्या, ज्यांच्यावाचून आमचा विषय शिकवताच येत नाही अशा संकल्पनांचे लेख उघडले, की वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वेळी टाकलेले परिच्छेद एकाखाली एक लागलेले दिसतात. मध्येच एका देशाची आकडेवारी येते, मग एखाद्या सिद्धांताचा बारीक तपशील येतो, आणि विद्यार्थ्याला हवी असलेली मूळ मांडणी सापडत नाही. मराठी विकिपीडियावरही गावांची आणि सनावळीची असंख्य छोटी पाने आहेत. मूलभूत संकल्पनांचे लेख मात्र पुष्कळदा काही ओळींवर थांबलेले असतात.

लिहिणाऱ्यांना मूलभूत विषय येत नाहीत म्हणून असे होते, की त्यांना त्यांत रस नसतो म्हणून, की या कामाच्या रचनेतच काही कारण दडलेले आहे? आम्ही काही शिक्षक मिळून या बाबतीत हातभार लावू इच्छितो. परंतु कारण समजल्याशिवाय हात घातला तर आमचेही परिच्छेद त्याच ढिगात जाऊन पडतील, अशी भीती वाटते.

उत्तर: चावडीवरचा_वाचक

ताई, रस किंवा ज्ञान यांचा अभाव हे मुख्य कारण मला वाटत नाही. मुख्य कारण हे, की लहान विषयाला कडा असते आणि मोठ्या विषयाला ती नसते. एका युद्धनौकेविषयी विश्वसनीय असे जेवढे लिहिले गेले आहे ते पाच-सात पुस्तकांत मावते. एकटा माणूस ती पुस्तके मिळवून, वाचून, लेख पुरा करू शकतो आणि पुरा झाला हे त्याला कळतेही. ‘व्यापार’ या विषयावर मात्र ग्रंथालये भरलेली आहेत. तेथे लेखकापुढचा खरा प्रश्न काय लिहावे हा नसून काय वगळावे हा असतो, आणि स्वयंसेवी ज्ञानकोशात वगळण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. आपण एक परिच्छेद गाळला, तर तो लिहिणारा दुसऱ्या दिवशी चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या संपादकांच्या चर्चेच्या पानावर, येऊन विचारतो की माझ्या विधानाला संदर्भ होता, मग ते का काढले? त्याचे म्हणणे नियमाला धरूनच असते. भर घालणाऱ्याच्या बाजूने संदर्भ उभा राहतो. गाळणाऱ्याच्या बाजूने केवळ त्याचा विवेक उभा राहतो, आणि विवेकाला तळटीप जोडता येत नाही.

शिवाय ‘मूळ संशोधन नको’ हा नियम आहे. दोन स्रोतांतली विधाने जोडून तिसराच निष्कर्ष काढण्यास त्यात मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण एरवी कोणीही आपले मत विश्वकोशाच्या नावाने खपवील. परंतु मोठ्या विषयाचा आढावा घ्यायचा म्हणजे शेकडो स्रोतांना तोलून एक क्रम लावणे आलेच. विद्यापीठातला अनुभवी अध्यापक हे काम आपल्या नावावर आणि आपल्या जबाबदारीवर करतो. टोपणनावाने लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला प्रत्येक वळणावर ‘हा क्रम कोणी ठरवला?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

बक्षिसांची रचनाही पाहावी. इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर ‘हे आपणांस माहीत आहे काय’ अशा धर्तीचे सदर असते. त्यात येण्यासाठी लेख अलीकडच्या सात दिवसांत नव्याने लिहिलेला, किंवा तेवढ्याच अवधीत पाचपट वाढवलेला, किंवा नुकताच ‘चांगला लेख’ म्हणून मान्यता मिळालेला असावा लागतो. ‘शेती’चा लेख आधीच लांबलचक आहे, तो पाचपट कोण वाढवणार, आणि वाढवला तर वाचणार कोण? दर नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या विकिपीडिया आशियाई महिना या उपक्रमातही नवा, किमान ३०० शब्दांचा लेख मोजला जातो. जुन्या लेखातली गुंतागुंत सोडवून तो निम्मा करणाऱ्या संपादकाचे श्रम अशा कोणत्याही मोजणीत दिसत नाहीत.

उत्तर: कोशवाचक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ही प्रवृत्ती संगणकापेक्षा जुनी आहे, हे नोंदवले पाहिजे. ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी शब्दकोशासाठी शेकडो स्वयंसेवक पुस्तके वाचून चिठ्ठ्यांवर अवतरणे उतरवून पाठवीत असत. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादनाची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांना असे आढळले, की ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाची सुमारे ५० अवतरणे जमली आहेत आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाची पाचसुद्धा नाहीत. वाचकांची नजर नवख्या शब्दावर अडखळत होती आणि नेहमीच्या शब्दावरून घसरून जात होती. परिणामी साध्या शब्दांची उदाहरणे शोधण्यात संपादकांचे आणि साहाय्यकांचे मोलाचे तास खर्ची पडले. मरे यांनी वाचकांना केलेल्या नव्या आवाहनात साध्या शब्दांचीही अवतरणे मुद्दाम मागितली. माझ्या मते या प्रसंगातील महत्त्वाची गोष्ट ही, की दोष वाचकांच्या आळसाचा नव्हता. ते अत्यंत कष्टाळू होते. त्यांना जे उल्लेखनीय वाटले ते त्यांनी टिपले, आणि सर्वपरिचित गोष्ट कोणालाच उल्लेखनीय वाटत नाही.

तज्ज्ञांकडे काम सोपवले की हा प्रश्न आपोआप सुटतो, असेही नाही. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, न्यूपीडिया हा आंतरजालावरील ज्ञानकोश सुरू झाला होता. त्यात लेखाला सात टप्प्यांची तपासणी होती आणि लेखकांकडून पांडित्याची अपेक्षा होती. तेथे मान्यता मिळून प्रसिद्ध झालेला पहिला लेख होता तो पाश्चात्त्य संगीतातील ‘अटोनॅलिटी’ या संकल्पनेवर, म्हणजे एका स्वरकेंद्राला न बांधलेल्या रचनेवर. २००३ मध्ये तो प्रकल्प बंद पडेपर्यंत पूर्ण झालेल्या लेखांची संख्या दोन डझनांच्या आसपासच राहिली. विषय निवडण्याची मोकळीक असली, की पंडितही आपल्या अभ्यासाच्या कोपऱ्यातूनच सुरुवात करतो.

उत्तर: ज्ञानकोशप्रेमी

मग मूलभूत विषय लिहून झाले ते कोठे? जेथे आराखडा आधी आणि लेखन नंतर, असा क्रम होता तेथे. आपल्याकडे याचे फार मोठे उदाहरण आहे आणि मराठी विकिपीडियाच्या चर्चांत त्याचा पुरेसा विचार होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. अकारविल्हे नोंदी सुरू करण्यापूर्वी त्यांनी पाच प्रस्तावना खंड दिले: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. ज्या व्यापक विषयांना कडा नाही असे वर म्हटले आहे, नेमके तेच विषय त्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत विस्ताराने हाताळले. त्या खंडांतील अनेक मतांशी आजचा अभ्यासक सहमत होणार नाही, पण प्रत्येक मताला एक जबाबदार संपादक होता, त्याच्या निवडीला एक दृष्टी होती आणि काय गाळायचे हे ठरवण्याचे धैर्य त्याच्याकडे होते. भागभांडवल गोळा करून, कंपनी स्थापून हे काम झाले, हेही विसरता कामा नये. तो स्वयंसेवेचा मार्ग नव्हता.

वाईच्या मराठी विश्वकोशाने दुसरी पद्धत अवलंबली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विषयवार नोंदींच्या याद्या आधी तयार झाल्या, कोणत्या नोंदीला किती जागा द्यायची हे ठरले आणि मग लेखकांना नोंदी सोपवल्या गेल्या. नोंदीखाली लेखकाचे नाव असते. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि मुख्य मालिका पूर्ण होण्यास पुढे तीन दशकांहून अधिक काळ लागला. या विलंबाबद्दल पुष्कळ टीका झाली, परंतु त्या संथपणातून जे लाभले त्याकडेही पाहावे. लेखक निवडून त्याच्याकडे नोंद मागितली जात होती, म्हणून कोणालाच स्वतःहून लिहावेसे न वाटणारी नोंदसुद्धा लिहून घेता आली.

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने १९७४ च्या पंधराव्या आवृत्तीत ही विभागणी ग्रंथरचनेतच आणली. दहा खंडांत छोट्या नोंदी, १९ खंडांत दीर्घ लेख आणि एका खंडात समग्र ज्ञानाचा आराखडा अशी ती रचना होती. दीर्घ लेख सुरुवातीला ४,२०० च्या आसपास होते. १९८५ च्या फेररचनेत त्यांतील बरेचसे एकमेकांत विलीन करून ही संख्या ७०० च्या आसपास आणली गेली. इतके लेख एकत्र करण्याचा निर्णय संपादक मंडळ घेऊ शकते. हजारो स्वतंत्र लेखकांच्या समुदायात अशा एकेका विलीनीकरणावर प्रदीर्घ चर्चा होते आणि बहुधा ती अनिर्णित राहते.

उत्तर: विज्ञानवाट

चर्चेत एक भेद सुटतो आहे. सगळेच मूलभूत विषय दुबळे नाहीत. इंग्रजी विकिपीडियावर ‘पृथ्वी’, ‘उत्क्रांती’ आणि ‘डीएनए’ हे लेख ‘निवडक लेख’ या तेथील सर्वोच्च दर्जाला पोहोचलेले आहेत. त्यांचे विषय लहान नाहीत, पण त्यांच्या मांडणीवर अभ्यासकांचे एकमत आहे आणि चांगली पाठ्यपुस्तके उपलब्ध आहेत. स्वयंसेवकाला क्रम शोधावा लागत नाही, तो आयता मिळतो. ‘समाज’, ‘न्याय’, ‘संस्कृती’, ‘विकास’ या विषयांत मात्र पाठ्यपुस्तके आपसांतच भांडतात. तेव्हा विषय किती मोठा आहे यापेक्षा त्याची सर्वमान्य मांडणी आधीपासून अस्तित्वात आहे की नाही, हा निकष मला अधिक बरोबर वाटतो.

प्रश्नकर्तीचे पुढील विचारणे: भूगोल_शिक्षिका

आपणा सर्वांची आभारी आहे. ‘विज्ञानवाट’ यांच्या निकषामुळे आमच्यासाठी वाट थोडी मोकळी होते, असे वाटते, कारण प्राकृतिक भूगोलातील संकल्पनांची मांडणी बरीचशी स्थिर आहे. आम्ही ‘नदी’ या लेखापासून सुरुवात करावी असे ठरवत आहोत. आमच्यापैकी प्रत्येकाकडे सांगण्यासारखे स्थानिक तपशील भरपूर आहेत. एका सहकाऱ्याने कुकडी नदीतील निघोजच्या रांजणखळग्यांवर, म्हणजे प्रवाहाने खडकात कोरलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांवर, मोठा मजकूर तयारही ठेवला आहे. तो कोठे घालावा, आणि गावांच्या पानांचे काय करावे? ती नसती तर बरे झाले असते का?

उत्तर: चावडीवरचा_वाचक

गावांची पाने नसती तर बरे झाले असते, असे मी मुळीच म्हणणार नाही. व्यापाराविषयी जगातल्या कोणत्याही भाषेत वाचता येईल. पारनेर तालुक्यातल्या एखाद्या वाडीविषयी मराठी माणसाने लिहिले नाही तर कोणीही लिहिणार नाही. दोष आहे तो एकाच साच्यात नाव बदलून तयार केलेल्या पानांचा. हे फक्त आपल्याकडे झाले असेही नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००२ मध्ये एका सांगकाम्याने, म्हणजे आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रॅमने, अमेरिकेच्या जनगणनेतून ३०,००० हून अधिक गावाशहरांचे लेख तयार केले होते. फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर तर लाखो लेख प्रामुख्याने अशाच प्रोग्रॅमने लिहिलेले आहेत. ज्या विषयाची माहिती तक्त्यात बसते तो यंत्रालाही लिहिता येतो. ‘नदी’ तक्त्यात बसत नाही, म्हणून तेथे आपल्यासारख्या शिक्षकांची गरज आहे.

निघोजचा मजकूर ‘नदी’ या लेखात घालू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तो कितीही चांगला असला तरी जगातील सर्व नद्यांच्या लेखात एका ठिकाणच्या खळग्यांना तीन परिच्छेद मिळाले, की दुसरा कोणी आपल्या गावच्या धबधब्याला चार देईल, आणि आपण तक्रार केलेला ढीग पुन्हा तयार होईल. ‘रांजणखळगे’ हा स्वतंत्र लेख करावा, निघोजचे वर्णन तेथे मनसोक्त करावे आणि ‘नदी’मध्ये क्षरणकार्याच्या परिच्छेदात एका वाक्यात त्याचा दुवा द्यावा. हीच पद्धत प्रत्येक उपविषयाला लावावी. त्रिभुज प्रदेश, पूरमैदान, नालाकृती सरोवर, जलविभाजक यांचे लेख आधी नीट झाले, तर ‘नदी’ हा लेख त्या प्रत्येकाचा दोन-तीन वाक्यांचा सारांश योग्य क्रमाने लावून लिहिता येतो. मग कोणी भर घालायला आला, तर त्याला नकार देण्याऐवजी योग्य लेखाकडे पाठवता येते, आणि वगळण्यावरून होणारे भांडण बरेचसे टळते.

आराखडा मात्र लेखनाच्या आधी चर्चापानावर ठेवावा आणि त्याला आधार घ्यावा तो प्रकाशित ग्रंथाचा: विश्वकोशातील संबंधित नोंद, विद्यापीठीय पाठ्यपुस्तक, बालभारतीची पुस्तके. वाक्ये त्यांतून उचलू नयेत. उपशीर्षकांचा क्रम आणि प्रत्येकाला दिलेली जागा पाहावी. ‘हा क्रम कोणी ठरवला?’ असे विचारणाऱ्याला मग दाखवायला काहीतरी राहते. प्रत्येक भाषेच्या विकिपीडियात असावेत अशा १,००० लेखांची एक जागतिक यादी मेटाविकीवर, म्हणजे विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांच्या समन्वयाच्या संकेतस्थळावर, आहे. तिच्यातून आपल्या विषयाचे लेख निवडले तर पुढच्या वर्षांचे कामही समोर राहील.

उत्तर: ज्ञानकोशप्रेमी

यात एकच भर घालतो. लेखासाठी दोघांनी किंवा तिघांनी जबाबदारी घेतली असल्याचे चर्चापानावर नोंदवावे आणि वर्षातून एकदा तो लेख सलग वाचून काढण्याचे ठरवावे. मूलभूत लेख एका मोठ्या चुकीने बिघडत नाहीत. सद्हेतूने घातलेल्या एकेका वाक्याने त्यांचा तोल जातो, आणि जो केवळ ताजे बदल तपासतो त्याला ते दिसत नाही. ‘नदी’चा आराखडा टाकल्यावर येथे कळवावे. वहन आणि निक्षेपण या भागांसाठी विश्वकोशातील नोंदी काढून त्यांतील उपशीर्षकांचा तक्ता मी तयार करून देतो.